फोल्डरवर लिहिलं होतं १.०



संगणकाच्या तासाला एक प्रश्न हमखास येतो, "सर, एक नवीन टाकलं की दुसरं का बंद पडतं?" मला दर वेळी २००९ चा उन्हाळा आठवतो.

तेव्हा मी शाळेत नव्हतो, एका खाजगी क्लासमध्ये सर्व्हर शिकवायचो. एप्रिलमध्ये मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज २०१० या मेल सर्व्हरची बीटा, म्हणजे चाचणीची आवृत्ती आली होती. म्हटलं, मुलांना ताजं काहीतरी दाखवूया.

हा मेल सर्व्हर चालतो पॉवरशेलच्या जोरावर. पॉवरशेल म्हणजे ती निळी खिडकी, माउस बाजूला ठेवून हुकूम टाइप करायची. आधीच्या एक्स्चेंज २००७ ला पॉवरशेल १.० पुरायचं. २०१० मध्ये मात्र हुकूम दूरच्या यंत्राला पाठवावा तसा जातो, अगदी शेजारच्या नाही तर त्याच यंत्रावर असला तरी! ही सोय १.० मध्ये नव्हतीच. ती दुसऱ्या आवृत्तीत येणार होती, आणि ती आवृत्तीही तेव्हा चाचणीतच, सीटीपी ३ नावाने. म्हणजे कच्च्या भिंतीवर कच्ची भिंत. शिवाय हुकूम वाहून नेणारा विनआरएम हा वेगळा प्रोग्राम, त्याचीही चाचणी आवृत्तीच हवी.

मी कामं वाटून दिली. जुनं पॉवरशेल काढून नवं टाकायचं काम एका मुलाकडे दिलं, बाकीचं माझ्याकडे.

इन्स्टॉलेशन मध्येच अडलं. पडद्यावरचा संदेश लांबलचक होता, मी तो धड वाचलाही नाही. थेट पॉवरशेलचं फोल्डर उघडलं. नाव होतं व्ही १.०. झालं! "तू नवं टाकलंच नाहीस. कामात लक्ष नाही तुझं."

"सर, टाकलंय मी. दोनदा टाकलंय."

"मग हे काय आहे?"

तो गप्प बसला. बाकीची मुलं बघत होती.

खरं तर दुसरी आवृत्ती टाकली तरी त्या फोल्डरचं नाव व्ही १.० च राहतं. आजही तेच आहे. फाइलच्या शेपटीतला पीएस१ सुद्धा बदलला नाही. आवृत्ती पाहायची तर फोल्डरला नाही, शेललाच विचारायचं असतं. मला हे संध्याकाळी, सगळे गेल्यावर कळलं. शेलला विचारलं तर त्याने सरळ २.० सांगितलं. मग तो संदेश पुन्हा नीट वाचला. राहिलं होतं विनआरएम. म्हणजे माझ्या वाट्याचं काम.

दुसऱ्या दिवशी सगळं सुरळीत चढलं. मुलं खूश झाली.

ओरडलो होतो अख्ख्या वर्गासमोर. चूक कबूल केली ती मात्र जिन्यात, त्याला एकट्याला गाठून. "असू द्या सर," म्हणाला आणि पायऱ्या उतरून गेला.