माडीवरून ओसरीवर

इंदूरहून रात्री निघालेला माणूस सकाळी पुण्यात चहा घेतो, आणि सातासमुद्रापलीकडच्या नातवाचे हसू डोळ्याचे पाते लवते न लवते तोच आमच्या दिवाणखान्यात उमटते. अशा या काळात आमच्याच वाड्याच्या माडीवरून ओसरीवर, म्हणजे अवघ्या वीस-बावीस मीटरांवर, काही फाइली उतरवायला पस्तीस तास लागतील, असे संगणकाने आम्हांस शांतपणे सांगितले. यंत्राच्या बोलण्यावर रागावण्यात अर्थ नसतो. परंतु या दिरंगाईचे मूळ कोठे आहे, हे शोधून काढल्यावाचून आम्हांला चैन पडेना.

फाइली कसल्या होत्या, हे आधी सांगावयास हवे. होळकर संस्थान १९४८ साली मध्यभारतात विलीन झाले. त्यापूर्वीची आमच्या घराण्यातली पत्रे, जमाखर्चाच्या वह्या, सोयरिकीच्या याद्या अशी बहुतेक मोडीतली कागदपत्रे आम्ही तीन वर्षे खपून पान पान करून संगणकात उतरवली होती. एकूण अकरा हजार पाने. दर इंचाला ३०० ठिपके या बारकाईने, काहीही दाबून लहान न करता ठेवलेले एक पान सुमारे २६ एमबी भरते. त्याखेरीज तासाभराच्या चाळीस कॅसेटी होत्या. त्यांत आमच्या मातुःश्रींच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या, मंगळागौरीची गाणी आणि भोंडल्याचे खेळ. मातुःश्री १९९४ साली गेल्या. कॅसेटींना बुरशी लागून फितीवरचा थर सुटू लागला होता. तो पुरता झडण्यापूर्वी आवाज संगणकात घेतला गेला, एवढेच दैव. कॅसेटी आता वाजत नाहीत. सारा मिळून ऐवज ३११ जीबी, आणि तो ज्या हार्ड डिस्कवर होता ती माडीवरच्या जुन्या संगणकात काही दिवसांपासून टक्‌ टक्‌ असा आवाज करू लागली होती. जाणकारांस या आवाजाचा अर्थ सांगावा लागत नाही. टोरांटोस राहणारा आमचा भाचा मंगळवारी परत निघणार होता. एक नक्कल त्याच्यासोबत धाडायची आणि एक ओसरीवरच्या लॅपटॉपला जोडलेल्या नव्या डिस्कवर ठेवायची, असा बेत होता. वार शुक्रवार.

आम्ही पहिली गोष्ट केली ती दुरुस्तीची नव्हे. कागद अजून पेटीत आहेत, ते पुन्हा उतरवता येतील. आवाज पुन्हा मिळणार नाही. म्हणून वेग कितीही मंद असो, आधी चाळीस कॅसेटींच्या फाइली तेवढ्या निघू द्या, असे भाच्यास सांगितले. सेकंदाला अडीच एमबी या गतीने पंचवीस जीबी जायला पावणेतीन तास लागतात. रात्री नऊला लावलेले काम बाराच्या ठोक्याआधी संपले, आणि मगच आमची पाठ टेकली.

शनिवारी सकाळपासून सल्लागारांची वर्दळ सुरू झाली. इंटरनेट पुरवणाऱ्या मंडळींचा एक प्रतिनिधी सुदैवाने त्याच सुमारास गल्लीत आला होता. त्याने तात्काळ मोठी योजना घेण्याचा उपाय सुचवला. भाचा म्हणाला, "मामा, बाहेरची तार काढूनच बघू या." काढली. फाइली जात होत्या त्याच गतीने जात राहिल्या. घरातल्या घरात जाणारा माल वेशीबाहेर जातच नाही; मग वेशीवरचा रस्ता रुंद करून काय उपयोग? या योजनांच्या जाहिरातीत जो 'शंभर'चा आकडा असतो, तो बिटांचा. फाइलीची मापे बाइटांत सांगतात, आणि आठ बिटांचा एक बाइट. शंभराला आठाने भागले की साडेबारा उरतात. हा भागाकार कोणी जाहिरातीत करून दाखवत नाही.

खरा दोष पहिल्या फेरीत वायफायवर आला. आमचा राउटर माजघरात. माडीवरचा संगणक वायफायवर आणि ओसरीवरचा लॅपटॉपही वायफायवर. म्हणजे प्रत्येक अक्षर आधी माडीवरून माजघरात हवेतून यायचे, आणि मग तेच माजघरातून ओसरीवर पुन्हा हवेतूनच जायचे. एका लहरीवर एका वेळी एकानेच बोलायचे असा तिथला शिरस्ता असल्याने निम्मा वेग तिथेच खर्ची पडतो. त्यात आमच्या भिंती विटा-चुन्याच्या, दीड हात जाडीच्या. वेगवान अशी ५ गिगाहर्ट्‌झची लहर त्यांपुढे नांगी टाकते, २.४ ची लहर पार होते, पण त्या पट्ट्यात साऱ्या गल्लीची गर्दी. एकमेकांना न अडवणाऱ्या वाटा तिथे अवघ्या तीन, आणि शेजारची वायफाये आम्ही मोजली ती चौदा. शिवाय सूनबाई मायक्रोवेव्हमध्ये दूध तापवीत तेव्हा गती आणखी खाली येई. त्या भट्टीच्या लहरी नेमक्या २.४५ गिगाहर्ट्‌झच्या आसपासच असतात. दूध थंड पिण्याचा प्रस्ताव घरात कोणी मांडला नाही.

माळ्यावरून माडीपर्यंत कैक वर्षांपूर्वी टाकलेली एक केबल होती. वायफाय आल्यापासून तिला कोणी विचारीत नव्हते. तिचे एक टोक जुन्या संगणकास जोडले, लॅपटॉपही आखूड तारेने राउटरला बांधला, आणि गती अडीचवरून अकरावर गेली. उरलेल्या पानांचे बत्तीस तास होते ते सव्वासातावर आले. घरात समाधान पसरले. भाचा मात्र डोके खाजवीत बसला. गती अकरावर जाऊन तिथेच काठीसारखी ताठ उभी राहावी, ना वर ना खाली, हे त्यास खटकले. आजारी डिस्क सव्वासात तास फिरवत ठेवणे आमच्याही जिवावर येत होते.

त्याने डिस्क पूर्ण बाजूला ठेवून, एका संगणकाच्या स्मृतीतून दुसऱ्याच्या स्मृतीत नुसताच पोकळ माल धाडणारा 'आयपर्फ' नावाचा प्रोग्राम चालवला. यात तारेचा दोष आणि डिस्कचा दोष वेगळे पडतात. उत्तर आले ९४. तो हसला. म्हणाला, "मामा, हा आकडा डिस्कचा नाही. ही तार शंभरावर अडकली आहे."

येथे थोडे विषयांतर क्षम्य मानावे. या तारेच्या पद्धतीस इथरनेट म्हणतात. ती १९७३ साली अमेरिकेत झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधनशाळेत रॉबर्ट मेटकाफ यांच्या डोक्यातून निघाली, आणि तिचे नाव त्यांनी घेतले ते पदार्थविज्ञानाने कधीच मोडीत काढलेल्या 'ईथर'वरून. केबलीच्या पोटात आठ बारीक तारा असतात, दोन-दोनांच्या पिळलेल्या चार जोड्या: नारिंगी, हिरवी, निळी आणि तपकिरी. १९९५ साली प्रमाण ठरलेली शंभराची चाल यांतल्या दोनच जोड्यांवर भागते, नारिंगी आणि हिरव्या. १९९९ साली तांब्याच्या तारेसाठी ठरलेली हजाराची चाल मात्र चारही जोड्या मागते. निळी वा तपकिरी तार तुटली तर पुष्कळदा दोन्ही यंत्रे निमूटपणे शंभरावर तडजोड करतात. दिवा लुकलुकत राहतो, फाइली जात राहतात, तक्रार कोणी करीत नाही. धडधडीत बंद पडलेले यंत्र परवडले. असे अर्ध्या अंगाने चालणारे फार फसवते.

गल्लीतला वीजकाम करणारा मुलगा आठ दिव्यांची चाचणीपेटी घेऊन आला. एकामागून एक दिवे लागत गेले. "बाबूजी, सातवीं बत्ती नहीं जल रही," तो माडीच्या जिन्यावरून ओरडला. सातवी तार तपकिरी जोडीतली. माळ्यावर चढून विजेरीच्या उजेडात केबल चाचपीत गेलो, तो जुन्या पाळण्यामागे तिचे आवरण कुरतडलेले सापडले. गणरायाच्या वाहनापुढे कोणाचे काय चालणार! सांधा मारून काम भागले असते असे त्या मुलाचे मत पडले. आम्ही नवीच केबल टाकवली, आणि माळ्यावरून नव्हे, बाहेरच्या भिंतीने नळीतून.

सुज्ञ वाचक विचारतील की बाहेरची डिस्क थेट जुन्या संगणकालाच का जोडली नाही. त्याची यूएसबीची भोके दुसऱ्या पिढीची. त्यांतून सेकंदाला पस्तीसच्या वर जात नाही, म्हणजे सव्वादोन तास. आणि टक्‌टक्‌ करणारी डिस्क पेटीतून उपसून हलवायला आम्ही मुळीच राजी नव्हतो.

रविवारी सायंकाळी नव्या तारेवर काम लावले. गती ११० च्या घरात गेली. जुन्या फिरत्या डिस्ककडून याहून अधिक अपेक्षा करणेच चूक. पाने धडाधड उतरली. मग अचानक आकडा दोन-तीनवर आला. घाबरण्याचे कारण नव्हते: पानांच्या लहान प्रतिमांचे एक दप्तर होते, हजारो चिमुकल्या फाइली. मोठी फाइल म्हणजे एक वऱ्हाडाची बस; लहान फाइली म्हणजे तेच वऱ्हाड पायी आलेले, आणि दारात प्रत्येकास नाव-गाव विचारून आत घ्यायचे. या प्रतिमा मूळ पानांवरून केव्हाही पुन्हा करता येतात, म्हणून ते दप्तर तसेच सोडून दिले. डिस्कचे उरलेले आयुष्य त्यावर घालवण्यासारखे नव्हते.

नक्कल झाली म्हणजे बरोबर झाली असे नव्हे. दोन्हीकडच्या प्रत्येक फाइलीचे अंकठसे काढून ताळा घेतला, तेव्हा अकरा पाने जुन्या डिस्कवरून नीट वाचलीच गेली नव्हती असे निघाले. ती सोमवारी पेटीतून काढून पुन्हा उतरवली. आवाजाची एकही फाइल गेली नव्हती. मंगळवारी भाचा डिस्क लोकरी स्वेटरात गुंडाळून घेऊन गेला. जुनी डिस्क पुढे आषाढात कायमची थांबली.

आमच्या आत्याबाईंना आता दिसत नाही. ऐकू मात्र उत्तम येते. त्यांच्यापुढे लॅपटॉप ठेवून 'ओव्या, कॅसेट तिसरी' लावली. दोन कडवी ऐकून त्या म्हणाल्या, "अरे, ओव्या कसल्या? हे डोहाळे आहेत. ताईच्या वेळचे. मागे तो खोकतोय ना, तो तुझा काका." आम्ही तिथल्या तिथे फाइलीचे नाव बदलले, आणि टोरांटोच्या प्रतीतही बदलावे म्हणून भाच्यास कळवले.