नवरदेवाची सहल आणि आजोबा

लग्नापूर्वी मित्रांनी नवरदेवाला घेऊन एखाद्या ऐतिहासिक शहरी दोन दिवस घालवावेत, ही युरोपातील रीत आता आपल्याकडेही येऊ लागली आहे. बेंबळीच्या तरुणांना त्यासाठी नळदुर्ग सोयीचा. या सहलीत आजोबांनाही न्यावे, असा माझा आग्रह आहे. लग्नघराच्या धांदलीत सर्वाधिक एकटे पडतात ते तेच.

दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात बोरी नदीवर बांधलेल्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे. पावसाळ्यात वरून नर-मादी धबधबे कोसळतात, आतला मनुष्य मात्र कोरडाच राहतो. उपली बुरुजाच्या उंच पायऱ्या तरुणांनी चढाव्यात. गुडघेदुखी वा धाप असणाऱ्यांनी खाली सावलीत बसावे.

वयोमानाने तहान मंदावते. म्हणून न मागताही थोडे थोडे पाणी द्यावे. हृदय वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास त्याचे प्रमाण आपल्या डॉक्टरांना आधीच विचारावे. मधुमेहाची गोळी घेतल्यावर जेवण लांबवू नये. ओल्या दगडांवर आजोबांचा हात नवरदेवानेच धरावा. लग्नानंतर दोघांना इतका निवांतपणा पुन्हा लाभेलच असे नाही.