सेनबाबूंचा चष्मा

"पदवी घ्या, म्हणजे जगात कुणी तुम्हांला खाली बसवणार नाही!" हे माझे वर्गातले ठेवणीतले वाक्य. वीस वर्षे ते खपले. पण जोगेंद्रनाथ सेन यांची हकीकत वाचली, आणि वाक्य घशात अडकू लागले.

सेनबाबू बंगालमधल्या चंदननगरचे. १९१३ साली ते इंग्लंडातल्या लीड्स विद्यापीठाचे विद्युत्-अभियंता झाले आणि त्याच शहराच्या वीजकेंद्रात नोकरीला लागले. १९१४ साली महायुद्ध पेटताच तिथल्या पलटणीत दाखल झाले. पलटण सारी गोरी. हे एकटेच हिंदी. विद्वत्तेत बहुतेकांहून सरस, पण राहिले साधे शिपाई! रंगामुळे त्यांना बढती मिळणे नव्हते, असे त्यांच्या एका गोऱ्या सोबत्यानेच पुढे म्हातारपणी सांगितले.

१९१६ च्या मे महिन्यात, फ्रान्समध्ये, एका रात्री ते पडले. लीड्स विद्यापीठाच्या स्मारकावर त्यांचे नाव इतरांच्या बरोबरीने कोरलेले आहे. चंदननगरच्या संग्रहालयात त्यांचा रक्ताळलेला चष्मा आहे.

बरोबरीची जागा मिळाली खरी, पण ती दगडावर!

यंदा वर्गात ते वाक्य पुन्हा ओठांवर आले. मी ते गिळले, आणि उगाचच चष्मा काढून पुसू लागलो.