पत्रकाखालचं नाव

निवडणूक आली की जळगाव जामोद आणि आसपासच्या उमेदवारांसाठी मी प्रचाराचा मजकूर लिहितो. विरोधकाच्या उणिवा दाखवणारी जाहिरात मुळातच वाईट, हे मला मान्य नाही. रस्ता रखडला, नळाला पाणी आलं नाही, तर ते ठणकावून विचारायलाच हवं. मला चीड येते ती निनावी चिखलफेकीची. आपल्याकडे ती थेट राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीपर्यंत पोहोचली होती.

ऑगस्ट 1969. व्ही. व्ही. गिरी, नीलम संजीव रेड्डी आणि आपले चिंतामणराव देशमुख यांच्यात लढत होती. मतदार फक्त खासदार-आमदार, त्यामुळे भिंती रंगवून किंवा भोंगे लावून उपयोग नव्हता. रेड्डींच्या चारित्र्यावर घाणेरडे आरोप करणारं एक पत्रक निघालं. ते टपालाने मतदारांकडे गेलं, संसदेच्या सेंट्रल हॉलमध्येही वाटलं गेलं. खाली कुणाचंच नाव नव्हतं. पहिल्या पसंतीच्या मोजणीत कुणालाच बहुमत मिळालं नाही. मुंबईच्या प्रश्नावर 1956 साली केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडणारे देशमुख 1,12,769 मतमूल्यावर थांबले. दुसऱ्या पसंतीची मतं धरून गिरी 4,20,077 विरुद्ध 4,05,427 असे जिंकले.

वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. पदावर असलेले राष्ट्रपती स्वतः साक्ष द्यायला न्यायालयात आले. पत्रक वाटलं गेलं, हे न्यायालयाने 1970 साली मान्य केलं. पण त्याला गिरींची संमती होती किंवा त्यामुळे निकाल फिरला, हे सिद्ध झालं नाही आणि याचिका फेटाळल्या गेल्या. रेड्डी पुढे 1977 साली बिनविरोध राष्ट्रपती झाले. तरी 1969 मध्ये त्या पत्रकाला उत्तर द्यायचं तर ते कुणाला द्यायचं होतं?

अमेरिकेतल्या जाहिराती याहून जहरी असतात, पण त्यांचा धनी ठाऊक असतो. 1964 ची अध्यक्षपदाचे उमेदवार जॉन्सन यांची ‘डेझी’ जाहिरात घ्या. फुलाच्या पाकळ्या मोजणारी चिमुरडी आणि लगेच अणुस्फोट. पैसे भरून ती एकदाच दाखवली गेली. प्रतिस्पर्धी गोल्डवॉटर यांचं नावही तिच्यात नव्हतं, पण जाहिरात कुणाची हे उघड होतं, म्हणून जाबही विचारता आला. 1988 मध्ये अध्यक्षपदाचे उमेदवार डुकाकिस संरक्षणाबाबत खंबीर दिसावेत म्हणून शिरस्त्राण घालून रणगाड्यात बसले आणि हास्यास्पद दिसले. प्रतिस्पर्धी बुश यांच्या प्रचारकांनी तीच दृश्यं जाहिरातीत वापरली. ती जाहिरात बोचरी होती, पण उघडपणे समोरून आलेली होती. अशा हल्ल्याला उमेदवार तोंड देऊ शकतो.

विधानसभा-लोकसभेसाठी आपल्याकडे लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 127-क आहे. पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवा. प्रकाशकाला ओळखणाऱ्या दोघांच्या सह्यांचं घोषणापत्र छापखान्याने आधी घ्यायचं आणि छपाईनंतर पत्रकासोबत त्याची प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडे, म्हणजे आमच्यासाठी बुलढाण्याला, पाठवायची. मोडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अनेकांना ही कटकट वाटते. माझ्या लेखी आमच्या धंद्यातला हा सर्वांत मोलाचा नियम आहे.

आता मतदानाच्या आदल्या रात्री गावोगावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर बिननावाची क्लिप फिरते आणि सकाळी मतदान सुरू होतं. अशी क्लिप आली की मी उमेदवाराला त्याच रात्री निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्यायला लावतो आणि त्याच्या स्वतःच्या नावाने खुलासा लिहून देतो. उलट तशीच क्लिप बनवून मागितली, तर मी ते काम घेत नाही.