हवालदाराची चाल

उत्तर काश्मीर. रस्ता बंद, बुखारीशेजारी पट मांडलेला. ॲपवर माझं रेटिंग १७००. समोरच्या हवालदाराला रेटिंगच नाही. या आठवड्यात तीनदा हरलोय.

एलो पद्धतीत ४०० गुणांनी वरचढ असलेल्याला अकरा डावांत दहा गुण अपेक्षित. पण खेळलेल्या डावांपलीकडे त्या आकड्याला काय ठाऊक? राजे धरून सातच मोहरे उरले, की संगणकाच्या कोष्टकात अचूक निकाल तयार असतो: जीत, हार किंवा बरोबरी. तिथे कार्लसनचे २८८२ गुणही गैरलागू. आणि हरलेल्या डावात निकालापुरत्या सगळ्या चाली सारख्याच! हा पठ्ठ्या नेमका तिथेच मला चुकवणारी चाल शोधतो.

उद्या त्याचा वार्षिक गोपनीय अहवाल भरायचाय. त्यात सगळे आकड्यांचेच रकाने.

"साब, एक और?"

मी मोहरे लावतोय.