बोल रे वाघ्या!

आमच्या कुत्र्याचं नाव वाघ्या. स्वभाव गाईचा. तीन वर्षांत त्याचा आवाज कसा आहे हे आम्हाला कळलं नव्हतं. मध्य आफ्रिकेतली बसेंजी नावाची जात म्हणे भुंकतच नाही, वेगळेच सूर काढते. पण वाघ्याचा जन्म पुण्यातला, तोही आमच्याच गल्लीतला. पुण्यात जन्मून गप्प बसणं म्हणजे अवघडच!

त्याच्या मौनाचं आम्हाला कौतुकच होतं. पण गेल्या श्रावणात भर दुपारी ‘पाण्याचा मीटर बघायचाय’ म्हणून एक गृहस्थ आले आणि देव्हाऱ्यातली चांदीची निरांजनं घेऊन गेले. वाघ्यानं त्यांना शेपूट हलवत फाटकापर्यंत पोचवलं. घरात आई एकटीच होती. वय ब्याऐंशी, ऐकू कमी येतं, हातात काठी. निरांजनांचं दुःख आठवडाभरात ओसरलं. पण तेव्हापासून आई दुपारी दाराला आतून कडी घालून खुर्चीत बसून राहू लागली. शेजारच्या काकूंनाही दार उघडेना. तेव्हा ठरवलं, वाघ्याला भुंकायला शिकवायचं. सांगितलं की भुंकायचं.

पद्धत पुस्तकात सोपी असते. आवडीचा खाऊ दाखवायचा, द्यायचा नाही. कुत्रं वैतागून भुंकलं की त्याच क्षणी द्यायचा. मी तूप लावलेल्या पोळीचा तुकडा धरून बसलो. वाघ्या समोर बसला. वीस मिनिटं त्याच्या तोंडातून लाळ गळली, आवाज नाही. पाव्हलॉवसाहेबांना १९०४ साली नोबेल मिळालं ते पचनाच्या संशोधनाला. त्यांनी आमचा वाघ्या पाहिला असता तर भुंकण्याच्या भानगडीत ते पडले नसते. शेवटी नमुना म्हणून मीच दोनदा भुंकलो. वाघ्यानं मान तिरकी करून माझ्याकडे पाहिलं. वरच्या मजल्यावरून विचारणा झाली, ‘काका, बरं वाटत नाहीये का?’

मार्ग सापडला तो स्वयंपाकघरात. सौ.नं नवा कुकर लावला, त्याची शिट्टी अशी काही किंचाळली की वाघ्या दचकून ‘भूः!’ म्हणाला. मग स्वतःच मागे वळून पाहिलं, कोण बोललं म्हणून. मी धावत जाऊन पोळी दिली. त्यानंतर आठवडाभर आमच्याकडे वरण माझ्या तंत्रानं शिजत होतं. शिट्टी होणार असं वाटलं की मी ‘बोल!’ म्हणायचं, मग शिट्टी, मग भूः, मग पोळी. शब्द शिट्टीच्या आधी यायला हवा, नाहीतर कुत्रं शब्दाकडे लक्षच देत नाही. (लग्नाला चाळीस वर्षं झाल्यावर हे मला कुत्र्याकडून कळावं!) नवव्या दिवशी शिट्टीविना नुसत्या ‘बोल’वर तो भुंकला. सौ.च्या डोळ्यांत पाणी आलं. वरण करपलं होतं, हेही कारण असेल.

पण आईचा आवाज बारीक. म्हणून खूण बदलली. काठी जमिनीवर दोनदा आपटायची आणि लगेच ‘बोल’ म्हणायचं. चार दिवसांत ‘बोल’ गळून पडलं, काठी पुरली. अडचण एवढीच, की आई चालते तीही काठी आपटतच. खोलीतून मोरीपर्यंत जाईस्तोवर वाघ्याची अकरा भाषणं झाली. मग नुसत्या चालण्याच्या ठकठकीला पोळी बंद केली. खूण म्हणजे लागोपाठ दोन जोरदार ठोके, हा फरक त्याच्या डोक्यात उतरायला आणखी पंधरा दिवस गेले.

पुढे एकदा दुपारी बेल वाजली. आईनं काठी आपटली, वाघ्या गरजला. आलेला बिचारा औषधांचं पार्सल पायरीवर ठेवून पळाला. संध्याकाळी आईनं ही हकिगत तीनदा सांगितली. दुसऱ्या दिवसापासून काकूंना दार उघडू लागलं.

परवा काकूच म्हणाल्या, ‘हल्ली रोज तीनच्या सुमाराला तुमचा वाघ्या भुंकतो. कोणी येतं का?’

मी आईला विचारलं.

‘कोण येतंय?’ आई म्हणाली. ‘चहा घेताना मीच त्याला बोलायला लावते. याचा आवाज मला ऐकू येतो रे.’