इंधनाचा काटा आणि गंजलेला अर्थ

१९९८ च्या डिसेंबरअखेरीस टाटांची इंडिका आली. पुढची जवळपास वीस वर्षे ही गाडी बनत राहिली, आणि 'एमएच-१४' पाटीच्या डिझेल इंडिका भोसरी, मोशी, चाकणच्या रस्त्यांवर अजूनही दिसतात. या वयाच्या गाड्यांची एक तक्रार ठरलेली असते, ती म्हणजे काट्यावर भरवसा राहिलेला नाही. गॅरेजचा उपायही ठरलेला असतो. टाकी उतरवायची आणि नवे फ्लोट युनिट बसवायचे. माझ्या मते हे काम शेवटच्या टोकाकडून सुरू केल्यासारखे आहे. काटा किती चुकतो यापेक्षा कसा चुकतो ते आठवडाभर पाहिले, तर टाकीला हात न लावताही दोषाचा बराचसा माग लागतो. पहिला संशय घ्यायचा तो युनिटच्या अर्थवर.

काट्याला डिझेल दिसत नसते, त्याला फक्त करंट कळतो. टाकीत तरंगणारा फ्लोट एक दांडी हलवतो, दांडीचे टोक रोधाच्या पट्टीवर सरकते आणि त्या रोधातून बॉडीकडे जाणाऱ्या करंटवर मीटरचा काटा ठरतो. आता हिशेबापुरते असे धरू, की एका गाडीत टाकी भरलेली असताना रोध १० ओहम आहे आणि रिकामी असताना ११०. टाकीजवळचा अर्थचा बोल्ट गंजला आणि तिथे २५ ओहम वाढले, तर हे २५ ओहम प्रत्येक पातळीवर मिळवले जातात. परिणामी टाकी काठोकाठ भरूनही काटा पाऊणच्या वर जात नाही, आणि पाव टाकी उरलेली असतानाच तो तळाला टेकतो. सगळीकडे सारखीच चूक, ही अर्थची खूण. पट्टी झिजली असेल तर चित्र वेगळे दिसते. भरलेल्या टाकीला काटा बरोबर असतो, पण एका ठरावीक टप्प्यात, बहुधा गाडी जिथे सर्वात जास्त फिरते त्या अर्ध्या-पाव टाकीच्या आसपास, तो उड्या मारतो. फ्लोटला चीर जाऊन आत इंधन शिरले, तर कितीही भरा, काटा तळ सोडत नाही. आणि इंधनासोबत तापमानाचा काटाही बहकला असेल, तर टाकीकडे जाऊच नये; दोष मीटरच्या पुरवठ्यात किंवा मीटरच्याच अर्थमध्ये शोधावा. चढावर किंवा वळणावर काटा थोडा हलला, तर त्याला दोष म्हणू नये.

काही गाड्यांत मांडणी उलटी असते. टाकी भरली की रोध वाढतो. तिथे हाच गंज काटा वर नेतो, म्हणजे टाकीत नसलेले इंधन दाखवतो. कमी दाखवणारा काटा फार तर पंपावर एक जादा फेरी घडवतो. जास्त दाखवणारा काटा चाकणच्या तळेगाव चौकातल्या कोंडीत गाडी बंद पाडतो. डिझेल गाडी कोरडी पडली तर नंतर लाइनमधली हवा काढत बसावे लागते. इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत टाकीतला पंप पेट्रोलनेच थंड राहत असल्याने त्याचे आयुष्य घटते. म्हणून 'ट्रिप मीटर बघून भरत जा' हा सल्ला तात्पुरता ठीक असला, तरी त्याला दुरुस्ती म्हणता येत नाही.

'नवे युनिट टाकले की काटा चालतो, हा आमचा अनुभव आहे,' असे मिस्त्री सांगतात, आणि ते खरेच आहे. पण युनिट बदलताना कपलर सुटतो, पिना घासल्या जातात, बोल्ट नव्याने आवळला जातो. मग गुण कशाने आला? आधी फक्त सफाई करून पाहिल्याशिवाय नव्या युनिटला श्रेय देता येत नाही. दुसरा आक्षेप सध्या जोरात आहे: पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आल्यापासून युनिटे खराब होतात. इथेनॉल पाणी ओढते आणि पेट्रोलपेक्षा जास्त वीजवाहक असते, त्यामुळे जुन्या पेट्रोल गाडीत उघड्या पट्टीबद्दलची ही शंका मी उडवून लावणार नाही. पण डिझेलमध्ये हे मिश्रण नसते, आणि काट्याच्या तक्रारी डिझेल गाड्यांच्याही असतात. पावसाळ्यात साचलेले पाणी आणि बांधकामांची धूळ मात्र दोन्ही प्रकारच्या गाड्यांच्या पोटाखाली सारखीच बसते.

तेव्हा मिस्त्रीला पुढच्या क्रमाने काम करायला सांगा. युनिटच्या अर्थच्या टोकापासून बॉडीच्या स्वच्छ पत्र्यापर्यंत एक जादा वायर जोडायची. काटा जागेवर आला तर बोल्ट घासून, नवी वायर टाकून काम संपले. नाही आला, तर चावी बंद करून कपलर काढायचा, युनिटकडून मीटरला जाणारी वायर छोट्या रोधातून बॉडीला लावायची आणि चावी फिरवायची. काटा एका टोकाला गेला आणि वायर सोडल्यावर दुसऱ्या टोकाला आला, तर मीटर आणि वायरिंग दोन्ही ठीक आहेत. मग मल्टिमीटरने युनिटचा रोध मोजावा. हे सारे टाकी बंद असतानाच करायचे. पेट्रोलच्या वाफेजवळ ठिणगी नको. एवढे करूनही रोध तुटक आला, तर युनिट खुशाल बदला, पण जुने युनिट परत मागून घ्या आणि त्याची पट्टी स्वतः पाहा.